कार्लाइलची गोष्ट

सातवीत असताना मी आश्रमशाळेतून दोनदा पळालो. दुसऱ्या वेळी मला न्यायला खेळाचे सर आमच्या पाड्यावर आले. धडगावच्या पुढे गाडी जात नव्हती, म्हणून उरलेली वाट पायीच आले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी ज्वारीची भाकरी खाल्ली आणि आमच्या पावरी बोलीत मोडकंतोडकं बाबांशी बोलले. परतताना मला वाटलं, आता घाटात बोलणी बसणार. त्याऐवजी सरांनी एका शाळेची गोष्ट सांगायला घेतली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल नावाचं गाव आहे. तिथे लष्कराच्या जुन्या बराकींत १८७९ साली तिथल्या आदिवासींच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली. "तुझ्यासारखीच मुलं," सर म्हणाले, "डोंगरातून, माळरानातून आलेली." त्या शाळेच्या फुटबॉल संघाने १९११ च्या मोसमात बारापैकी अकरा सामने जिंकले. अकरा नोव्हेंबरला गाठ पडली ती हार्वर्डशी. देशातलं सगळ्यात नावाजलेलं विद्यापीठ, घरचं मैदान, खच्चून भरलेलं. कार्लाइलचा जिम थॉर्प दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून उतरला. त्याने लाथेने चार गोल मारले, प्रत्येकी तीन गुणांचे. "किती झाले?" बारा. शिवाय संघाने चेंडू रेषेपार नेला त्याचे पाच, आणि त्यानंतरच्या किकचा एक. "किती?" अठरा. हार्वर्डचे झाले पंधरा. घाट उतरेपर्यंत ही बेरीज मी मनात कितीदा तरी केली. पुढच्याच आठवड्यात हा संघ सिरॅक्यूजकडून १२-११ असा, एका गुणाने हरला, हेही सरांनी सांगितलं. हरलेला सामना त्यांनी लपवला नाही, याचं मला तेव्हाही बरं वाटलं होतं.

मी मात्र बरीच वर्षं आपल्यासारखाच गोल चेंडू समजत होतो. तो अंडाकृती असतो, हातात धरून पळवतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढचं वर्ष १९१२. उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये थॉर्पने पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) दोन्हींत सुवर्ण मिळवलं. त्याच शाळेचा लुई तेवानिमा दहा हजार मीटरमध्ये दुसरा आला. शरद ऋतूत पुन्हा फुटबॉल. नऊ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकी लष्कराचे अधिकारी जिथे घडतात तिथे, कार्लाइलने आर्मीला २७-६ असं हरवलं. त्या आर्मी संघात आयझेनहॉवर होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. मैदानावरच्या कित्येक मुलांच्या बापजाद्यांच्या पिढ्यांनी याच लष्कराशी लढाया दिल्या होत्या. लष्कराने आदिवासींना गोळ्या घातल्या ते वुंडेड नीचं हत्याकांड होऊन तेव्हा बावीसच वर्षं झाली होती. हे सांगताना सर वाटेत थांबले होते, ती जागा मला अजून दाखवता येईल.

मी परत आलो. त्यानंतर पळालो नाही.

बी.पी.एड.ला असताना मी कार्लाइलबद्दल शोधून वाचलं. मुलं आली की त्यांचे केस कापत. नावं बदलत. आपली भाषा बोलायला बंदी, बोललं की शिक्षा. "त्याच्यातला इंडियन (म्हणजे तिथला आदिवासी) मारा आणि माणूस वाचवा" हे शाळेचा संस्थापक कॅप्टन प्रॅट याचं धोरण होतं. शाळेच्या दफनभूमीत दीडशेहून जास्त मुलांना पुरलं होतं, घरापासून शेकडो कोस लांब. १९१८ मध्ये ती शाळा बंद झाली. थॉर्पची पदकंही १९१३ मध्ये काढून घेतली होती, कारण त्याने आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळलं होतं, आणि तेव्हा ऑलिम्पिकला पैसे घेऊन खेळणारे चालत नसत. ऑलिम्पिकच्या यादीत तो एकटा विजेता म्हणून परत आला २०२२ मध्ये, मरून जवळपास सत्तर वर्षं झाल्यावर.

मला फार राग आला. सुट्टीत सरांकडे गेलो आणि विचारलं, हे का नाही सांगितलंत? सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू पळून आलेला पोर होतास. तेव्हा सगळं सांगितलं असतं, तर परत आला असतास का?"

त्यांच्या मैदानावर पावरीत ओरडायला, भांडायला, हसायला आम्हाला कधीच मनाई नव्हती. ती का नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं.

आता मी स्वतः एका आश्रमशाळेत खेळ शिकवतो. मी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगतो. आधी आर्मीचा सामना, नंतर कबरी. यात सरांपेक्षा माझं बरोबर आहे असं मला वाटतं, आणि हे मी त्यांनाही सांगितलं आहे. थॉर्पचं त्याच्या जमातीतलं नावही मी फळ्यावर लिहितो, वा-थो-हक, म्हणजे उजळ वाट. मुलं ते मोठ्याने म्हणतात.

परवा सातवीतल्या एकाने विचारलं, "सर, हे नाव त्याच्या शाळेच्या हजेरीपटावर होतं का?"

मी नाही म्हणालो.