भुताला नियम, देवाला वजन

शनिवार, रात्री साडेअकरा. दादर.

भुताखेतांच्या मालिकांना लोक हसतात ते भूत दिसतं म्हणून नव्हे, ते कशालाच बांधलेलं नसतं म्हणून. सोमवारी त्याला उंबरा ओलांडता येत नाही, गुरुवारी तेच माजघरात बसलेलं. मग घाबरायचं कशाला? कोकणातल्या आज्यांना हे बरोबर कळत होतं. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळीचे पाय उलटे, चकवा लागला की रात्रभर त्याच त्या वाटेवर पायपीट. ज्याची त्याची हद्द ठरलेली.

'तुंबाड' (२०१८) हा सिनेमा पुन्हा पाहावासा वाटतो तो याच हिशेबामुळे. पिठाचं रिंगण आखायचं, आत बसायचं, कणकेची बाहुली पुढे करायची. त्यातला हावरा, शापित देव हस्तर खाण्यात गुंतला की तेवढ्यात त्याच्या लंगोटातल्या मोहरा झटकून घ्यायच्या. शेवटी हाव सुटते, एकीच्या जागी बाहुल्यांचा ढीग नेला जातो, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर. नवं संकट बाहेरून आणावं लागत नाही, नियमच अंगावर उलटतो.

रोजच्या मालिकेला एवढी उसंत नसते. अर्ध्या तासातली वीस-बावीस मिनिटं हातात, आणि प्रत्येक भागाचा शेवट दचक्यावर. आठवडाभरात कानाला सवय होते: ढॅण् वाजलं म्हणजे ब्रेक. 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वात (२०१९) काळ मागे नेऊन, पहिल्या पर्वात मेलेले घरधनी अण्णा नाईक हयात दाखवले, ते हुशारीचं. जिवंत अण्णांची जरब कुठल्याही भुताला जड जाते!

पौराणिक ॲनिमेशनचं दुखणं वेगळं, तिथे वजन हरवतं. मारुती उडण्याआधी गुडघ्यात दबला पाहिजे, शेपटी क्षणभर मागे राहिली पाहिजे, उतरताना आधी पाय टेकून मग धड खाली आलं पाहिजे. हे गाळलं की पतंग उडाल्यासारखं दिसतं. थ्रीडीत पाय जमिनीवरून घसरतात. पावलं पडण्याचा वेग आणि शरीर पुढे सरकण्याचा वेग जुळलेला नसतो. चार हातांच्या देवाची तर परीक्षाच. जास्तीचे दोन खांदे पाठीत कुठे रुजतात ते ठरवलं नाही, तर हात उचलला की काख फाटल्यासारखी दिसते.

नरसिंहाच्या प्रसंगात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. हिरण्यकशिपूला मिळालेला वर म्हणजे नियमांची यादी: दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्र नको. म्हणून चौकटीत उंबरठा दिसलाच पाहिजे, उजेड तिन्हीसांजेचा हवा, आणि मांडीवर आडव्या हिरण्यकशिपूचा भार त्या मांडीला जाणवला पाहिजे. नुसती आग आणि गर्जना भरली की वरातली फट कुणाला कळतच नाही. २०२५मध्ये 'महावतार नरसिंह'ने थिएटरं भरली, त्यामुळे असे सिनेमे आणखी येणार. येऊ देत, पण उंबरठा दाखवा.

घरच्या टीव्हीचाही दोष असतो. जपानचे युगो साको आणि आपले ॲनिमेटर राम मोहन यांचा रामायणावरचा सिनेमा हातानं काढलेला. अशा कामात सेकंदाला २४ फ्रेम, पण पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे चित्रं बाराच. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग मधली चित्रं स्वतःच बनवून घुसडतं. कडा विरघळतात, झेपेतला झटका जातो. ते बंद करावं. भुताच्या मालिकेला रंग भडक करणारा 'व्हिविड' मोड नको आणि ट्यूबलाइटही नको. काळोखात चौकोन चौकोन दिसले तर टीव्हीला शिव्या देऊ नयेत, बहुतेकदा नेट मंद असतं आणि चित्र दाबून पाठवलेलं असतं.

राहता राहिली भाषा. डबिंगमध्ये पाच वर्षांचा प्रल्हाद "हे तात, आज्ञा असावी" म्हणतो. कीर्तनात तोच प्रल्हाद सरळ "बाबा" म्हणतो, आणि मागची पोरं चुळबुळ थांबवून ऐकतात.