फीची यादी मी ग्रुपवर टाकली

कोपरखैरण्यात माझा शिशुवर्ग होता. तळमजल्यावरची भाड्याची एक खोली, सकाळच्या दोन बॅच मिळून २२ मुलं, तीन ते पाच वर्षांची. बहुतेकांचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, गाव जावळी नाहीतर पाटण. १६ मार्च २०२० ला वर्ग बंद केला तेव्हा डब्यांच्या फळीवर दोन पाण्याच्या बाटल्या राहिल्या होत्या. "पंधरा दिवसांनी न्या," असं मीच सांगितलं होतं.

मे महिन्यात ११ ते १७ तारखेला मार्केटही बंद राहिलं. आमच्या भागात रुग्ण वाढत होते. जमेल तसं एकेक कुटुंब गावी गेलं. माझं भाडं मात्र चालूच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ग्रुपवर बाकी फीची यादी टाकली. नावानिशी, रकमेसकट, शेवटी हात जोडल्याची खूण. अर्ध्या तासात तिघी ग्रुप सोडून गेल्या. चौथीने ८ मेचा, फी वाढवू नका सांगणारा शासन निर्णय पाठवला. तो शाळांसाठी होता आणि फी माफ करा असं त्यात कुठेही नव्हतं, पण हे मी सगळ्यांसमोर समजवायला गेले आणि प्रकरण आणखी चिघळलं. नियम माझ्या बाजूने होता, रीत नव्हती. चारचौघींत एखादीची उधारी वाचून दाखवणं किराणावालासुद्धा करत नाही.

मग एकेकीला फोन लावायला घेतला. दुपारी, जेवणं उरकल्यावर. पहिली पाच मिनिटं फीचं नावच काढायचं नाही, असं ठरवलं होतं. "मॅडम, घरात रेंज नाय ओ. तुमच्यासाठी माळावर आलेय," एक जण म्हणाली, आणि मागे वारा एवढा की निम्मं मला कळेना. ठरलं ते असं: मागचं जमेल तेव्हा, जुलैपासून निम्मी फी, आणि मूल गावी असो की इथे, अभ्यास रोज मिळणार. ग्रुप सोडलेल्यांपैकी दोघी परत आल्या. तिसरीने फोन उचलला नाही. ऑगस्टमध्ये मी खोली सोडली. बुटक्या खुर्च्या माझ्या हॉलमध्ये आल्या आणि वर्षभर आम्ही त्यांना ठेचकाळत राहिलो.

अभ्यास द्यायचा कसा, हा खरा घोळ. झूम दोनदा करून पाहिलं. एका खिडकीत नुसता फिरणारा पंखा, दुसरीत कुकरच्या शिट्ट्या, आणि निम्म्या घरांतला एकमेव स्मार्टफोन वडिलांच्या खिशात, मार्केटात. २२ जुलैला सरकारने ठरवून दिलं की पूर्वप्राथमिकला रोज अर्धा तासच, तोही पालकांशी बोलण्यासाठी. तोवर मीही तिथेच येऊन पोचले होते. व्हिडिओने दिवसाचा दीड जीबी संपतो म्हणून तक्रार यायची, लांब मेसेज कुणी वाचायचं नाही. शेवटी व्हॉइस नोट. दोन मिनिटांची, संध्याकाळी सातला. वडील घरी आले की आई आणि मूल मिळून ऐकणार.

आयांना हवी होती पानं. "मॅडम, लिहायला काय देणार?" हे रोजचं. पहिल्या आठवड्यात एका मुलाच्या वहीचा फोटो आला: 'अ'ची दहा ओळी, एकही रेघ वाकडी नाही. मी फोन करून विचारलं, "खरं सांगा, कुणी लिहिलंय?" तिकडून हसू. "त्याचा हात धरला होता, मॅडम." चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत तेवढा जोरच नसतो, पेन्सिल मुठीत धरून तो कागद फाडतो. म्हणून मी सांगायला लागले: कणकेचा गोळा मळायला द्या. कपडे वाळत घालताना चिमटे त्याला लावू द्या. कुरमुरे एकेक उचलून वाटीत टाकू द्या. आणि हे सगळं कशासाठी, तेही दर वेळी सांगायचं. नाहीतर 'मॅडम घरकाम देतात' असं झालं असतं, किंबहुना एकीने तसं म्हटलंच.

गावी गेलेल्या एका मुलीचा व्हिडिओ अजून ठेवलाय. ती ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतेय. अंगठा शेंगेच्या टोकावर नेमका, जीभ ओठाबाहेर, आणि मोजणी चालू: एक, दोन, तीन, पाच. चार दाण्यांनंतरचा एक तोंडात जातो. आजी पलीकडून म्हणते, "आगं, मॅडम बघत्यात."

ती मुलगी शाळेचा उंबरा न बघता पहिलीत गेली. त्या वर्षीची सगळीच. पूर्वप्राथमिक वर्ग उघडायला राज्याने परवानगी दिली ती २४ जानेवारी २०२२ पासून, तेव्हा माझ्याकडे उरली होती सहा मुलं, नवीन.

फेब्रुवारीत दारात एक बाई उभी. फोन न उचललेली तीच. हाताला धाकटं पोर, डोक्यावर पिशवी. "गावचा इंद्रायणी हाय. मागचं ऱ्हायलं होतं ना." मी नको नको म्हणत होते, तिने पिशवी ओट्यावर ठेवूनही टाकली. वर पावती मागितली. माझ्या पावतीपुस्तकात रोख आणि चेक एवढंच छापलंय. दोन्ही खोडलं आणि वर लिहिलं: तांदूळ, १० किलो.

तिने पावती वाचली. "अजून पाच किलो आणायचाय," म्हणाली, "ह्याच्यातच धरा."