नागपुरात पोलिसांचा इतिहास बघायचा तर २६ जानेवारी धरा

पोलिसांचं जुनं नागपूर बघायला निघायचं असेल तर सोबत एक निवृत्त पोलीस हवाच. मी मामांना घेऊन गेलो. ते शहर पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि फिरताना बोलणं त्यांच्याकडेच होतं.

दिवस २६ जानेवारीचा निवडला, कारण सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी उघडतो तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. आधी कस्तुरचंद पार्कवरचं संचलन बघून घ्या. मेट्रोनं या, गाडी लावायला जागा शोधत बसू नका. तुकडी समोरून गेली की मामा पावलांकडे बघत होते, चेहऱ्यांकडे नाही. "तिसरी रांग ढिली आहे," एवढंच म्हणाले.

तिथून किल्ला जवळच. ओळखपत्र जवळ ठेवा, फोटो काढण्याआधी जवानाला विचारा, पाण्याची बाटली न्या. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसले आणि इंग्रज इथे लढले. १८५४ ला राज्य खालसा झालं, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. इंग्रजांचा पोलीस कायदाही त्याच वर्षीचा. किल्ल्यावर पोलिसांचं असं काही ठेवलेलं नाही, पण वर उभं राहून ही साखळी ऐकली की खालचं शहर वेगळं दिसतं. गर्दी दुपारनंतर वाढते.

तर्री-पोहे खाऊन आम्ही गिट्टीखदानला गेलो, मामांच्या दोस्ताकडे. खरं बघायचं होतं ते तिथे. घराच्या पुढच्या खोलीत तिघा निवृत्तांनी मिळून जुन्या वस्तू जमवल्यात: एक हवालदार, एक वायरलेसवाले आणि एक ठाण्यातले रायटर, म्हणजे लिखापढी करणारे. पाटी नाही, तिकीट नाही, सरकारचा पैसाही नाही. नालाचे बूट, पायाला गुंडाळायच्या खाकी पट्ट्या, दोरीसकट शिट्टी, गस्तीच्या सायकलचा दिवा.

पण मी अडकलो ते वहीत. नोंदी रायटरकाकांनी ठेवल्यात आणि त्यांचा हात पंचनाम्याचा. "पट्ट्याचे बक्कल, नग एक, पितळी, डावा कोपरा चेपलेला, आतून काळपट", पुढे कोणाकडून आलं, त्या माणसाचा बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, काय, नेमणूक कुठे होती, तारीख, देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार. साक्षीदार कशाला, विचारलं तर म्हणाले, "उद्या त्याच्या पोरानं परत मागितलं तर?" मोठ्या संग्रहालयातही इतकी चोख नोंद क्वचितच दिसेल.

एका पेटीत गणवेशाच्या खांद्यावरची, राज्याच्या नावाची पितळी अक्षरं होती, एकाच माणसाची. तो भरती झाला सी.पी. अँड बेरारमध्ये, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. १९५० ला मध्य प्रदेश, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. बदली नागपूरच्या बाहेर झाली नाही, राज्यं मात्र चार झाली. "हव, पगार तेवढाच राह्यला," वायरलेसवाले म्हणाले. १९६५ मध्ये शहराला आयुक्तालय मिळालं तेव्हाही तो नोकरीत होता. हे कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर माझ्या लक्षात राहिलं नसतं.

मँचेस्टरला न्यूटन स्ट्रीटवरच्या १८७९ च्या पोलीस ठाण्याचंच संग्रहालय केलंय आणि तिथे निवृत्त पोलीस स्वयंसेवक म्हणून लोकांना कोठड्या दाखवतात, हे मी सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. जागेचं कोण बघेल, यावर अर्धा तास गेला. माझ्या मते जागा नंतरची गोष्ट. दिवाळीच्या रंगरंगोटीत असल्या ट्रंका भंगारात जातात, पितळ किलोनं विकलं जातं. आधी ते थांबायला हवं.

अजब बंगला दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. १८६३ चं हे मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी बंद असतं, सुट्टीच्या दिवशी आधी चौकशी करून जा. शस्त्रांचं दालन बघा, बाकीचं घाईत झालं तरी चालेल.

तुमच्या घरात आजोबांची पोलिसातली पेटी असेल तर पितळ चिंच लावून घासू नका, आकडे झिजतात. कोरड्या सुती कापडानं पुसा. लोकरी कपडे उन्हात टाकून ठेवू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा, शाई फुटते. काडतूस किंवा हत्यार निघालं तर घरात ठेवू नका, सरळ ठाण्यात कळवा. आणि ओळखीच्या निवृत्त पोलिसाला गाठा, वस्तू समोर ठेवा, मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करा. सकाळी जा किंवा चहाच्या वेळी. दुपारी एक ते चार फोन केलात तर शिव्या बसतील, त्याही जुन्या ठाण्यातल्या.