माळ्यावरची तीन बोचकी

ऑक्टोबरमध्ये लेकीच्या मऊ खेळण्यांची मोठी पिशवी भरून मी इथे, इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये, एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, नेली. सगळी धुतलेली, वाळवलेली, एकही उसवलेलं नाही. काउंटरवर सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी एकेक खेळणं उचललं, उलटं केलं, शिवणीत बोटं फिरवली आणि दोन ढीग लावले. त्यातला मोठा ढीग माझ्याकडे परत सरकवला. त्या खेळण्यांना लेबल नव्हतं.

लेबलं मीच कापली होती. लेक तान्ही असताना ती तिच्या गालाला टोचायची. आई आमच्या फ्रॉकची नि बनियनची लेबलं आणल्या दिवशीच कात्रीने काढायची, तेच मी केलं.

इथली अशी दुकानं खेळणं विकायला घेताना त्यावर सीई ही युरोपची किंवा यूकेसीए ही ब्रिटनची खूण सहसा बघतातच, मग ते वापरलेलं का असेना. युरोपात सीई खूण १९९० पासून आहे. डोळे ओढून निघणार नाहीत, कापड भडकन पेट घेणार नाही, आत भलतंसलतं भरलेलं नाही, याची जबाबदारी कुणीतरी घेतली आहे असा तिचा अर्थ. खूण नसेल तर ती जबाबदारी दुकानाच्या गळ्यात पडते, आणि विनामोबदला काम करणाऱ्या त्या बाईंनी ती का घ्यावी? आज हे मला पटतं. त्या दिवशी अजिबात पटलं नाही. घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. ज्या अस्वलाला माझ्या मुलीने दहा वर्षं उराशी धरून झोपवलं, त्याची याहून कडक परीक्षा कुठली प्रयोगशाळा घेणार आहे? बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी! ती असती तर अस्वल चांगलं, नाही तर केराच्या टोपलीत. त्या बाई खूप गोड बोलल्या, हेही मला लागलं. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात विचारून बघा, भरतकामाचे डोळे असलेली खेळणी तिथे घेतात, असं त्यांनी सुचवलं. मी विचारलं, त्यांनी घेतली. पण आठवडाभर मी घरात धुसफुसत होते.

मग डिसेंबरात पुण्याला आले. एरंडवण्यातली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि फेब्रुवारीअखेर घर रिकामं करायचं आहे. माळ्यावरून जुन्या चादरीत बांधलेली तीन बोचकी निघाली, तिन्हींत खेळणी. भाऊ म्हणाला, "ताई, हे सगळं तूच बघ." तो बाणेरहून रोज आईकडे येतो. तिच्या गोळ्यांच्या वेळा, डोळ्यांचं ऑपरेशन, सोसायटीच्या बैठका, सगळं सोळा वर्षं त्यानेच पाहिलं. मी वर्षातून तीन आठवडे येणारी. माळा आवरणं एवढं तरी माझं, असं मी ठरवलं होतं. त्यामुळे असेल, मी जरा जास्तच कडक झाले.

त्याचं लक्ष एकाच खेळण्यावर होतं. १९९८ साली न्यू जर्सीच्या आत्याने आणलेलं, बीनी बेबी नावाच्या अमेरिकन मऊ खेळण्यांतलं अस्वल. कानाला लाल बदामाचा टॅग अजून तसाच, कारण आईने ते शोकेसमध्ये ठेवलं आणि आम्हाला हात लावू दिला नाही. फोनवर त्याने मला दाखवलं, तसलंच अस्वल कुणीतरी काही लाखांना विकायला काढलं होतं. मी त्याला म्हटलं, मागितलेली किंमत बघू नकोस, विकलं गेलेलं बघ. ती यादी वेगळी लावता येते. तिथे बहुतेक बीनी बेबी चारपाच डॉलरला गेलेल्या दिसतात, आणि पुण्याहून पाठवायचं टपाल त्याच्या कितीतरी पट. ती बनवणाऱ्या टाय कंपनीने १९९३ मध्ये पहिली नऊ खेळणी काढली, दुकानांना माल मोजकाच दिला, मधूनच एखादं खेळणं कायमचं बंद केलं, आणि लोकांनी म्हातारपणाची पुंजी समजून ढिगांनी साठवली. सगळ्यांनीच टॅगसकट जपली. मग दुर्मीळ राहिलंच कुठे?

तो हिरमुसला. त्याला बरं वाटावं म्हणून मी खरोखर मोलाच्या टेडीची गोष्ट सांगितली. १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावघरात एक टेडी १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला. जर्मनीतल्या श्टाइफ कंपनीचा, १९०४ च्या सुमाराचा, एका ब्रिटिश कर्नलने जन्मभर सांभाळलेला. श्टाइफची खेळणी कानातल्या धातूच्या बटणावरून ओळखतात. आम्ही दोघांनी तिन्ही बोचक्यांतले सगळे कान तपासले. बटण नव्हतं. विकायचा विषय तिथेच संपला.

देण्याचा विषय मात्र सोपा नव्हता. आपल्याकडे "मावशींना देऊन टाक" हे आधीपासून ठरलेलं असतं. उसवलेलं, मळकं, एका डोळ्याचं, सगळं त्यांच्या पिशवीत जातं आणि आपल्याला दान केल्याचं समाधान मिळतं. मी हे वर्षानुवर्षं केलं आहे. या वेळी खेळणं हातात घेतलं की माझी बोटं आपोआप शिवणीत जायला लागली, थेट त्या रेडिंगच्या बाईंसारखी. लेबल कुठेच नव्हतं. आमच्या लहानपणी तुळशीबागेतल्या खेळण्यांना खूण कुठून असणार? (आता आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. इंग्लंडात कुणी भारताबद्दल नाक मुरडलं की मी हे ठासून सांगते.) लेबल नाही तर नाही, मग लेबल जे सांगतं ते हातानेच तपासायचं.

डोळे ओढून पाहिले. दोन माकडांचे लगेच हातात आले, आत तार होती. पोट दाबून पाहिलं. जुना फोम विरतो, त्याची पिवळी पूड होते आणि शिवणीतून गळते. भल्यामोठ्या गुलाबी सशाचं तेच झालं होतं. थर्मोकोलचे मणी भरलेली दोन कासवं बाजूला काढली, एक टाका उसवला तर ते मणी पोरांच्या नाकातोंडात जातात. अख्ख्या एका बोचक्यात डांबरगोळ्या होत्या. कसर लागू नये म्हणून आईने घातलेल्या. तो वास तान्ह्या बाळाजवळ नको, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. ते बोचकं चार दिवस गच्चीत उन्हात टाकलं, दोनदा धुतलं. वास गेला तेवढीच ठेवली.

त्याच आठवड्यात बोहारीण आली. अजून येते, हे पाहून मला भरून आलं. आईने तिला दोन जरीच्या साड्या काढून दिल्या आणि खेळणीही पुढे केली. तिने एक टेडी उचलला, दाबला, खाली ठेवला. "आजी, हे नको. याला गिऱ्हाईक नाय. अजून एखादी साडी काढा." एका क्षणात निकाल. तिच्यावर मला राग आला नाही, रेडिंगच्या बाईंवर आला होता. याचा मी नंतर बराच विचार केला.

शेवटी वस्तीतल्या एका बालवाडीच्या बाईंना फोन केला. त्यांचं म्हणणं नेमकं होतं. मोठी नकोत, ठेवायला जागा नाही. धुता येतील अशी, पोरांच्या मिठीत मावतील अशी, जोडीने असतील तर उत्तम, म्हणजे भांडणं कमी. अशी अकरा निघाली. उरलेली पांढऱ्या पोत्यात भरली आणि कचरा नेणाऱ्या ताईंना आत काय आहे ते सांगून दिली.

मग राहिला एक हत्ती. इरकली साडीचा, सावरीचा कापूस भरलेला, डोळ्यांना कोटाची दोन काळी बटणं. इंग्लंडातल्या जुन्या टेडींमध्येही हाच कापूस भरायचे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आजीने घरी शिवलेला, म्हणजे लेबलाचा प्रश्नच नाही. बटणं ओढून पाहिली, हलली नाहीत. मी भावाला म्हटलं, हा मी नेते, लेकीला देते. बॅग २३ किलोच्या आत बसवायला लोणच्याची एक बरणीही बाहेर काढली.

आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "तो तुझा कधी होता?"

मला वाटलं ती विसरतेय. मी त्याच्याशी खेळल्याचं मला लख्ख आठवतं.

"माझ्या आईने मला शिवला तो. गोवर आला होता तेव्हा. बटणं अण्णांच्या कोटाची आहेत. तुला खेळायला दिला होता."

तिने तो माझ्या बॅगेतून काढला, सोंडेवरची धूळ पदराने पुसली आणि भाड्याच्या घरी न्यायच्या तिच्या पिशवीत, गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवला. मग लोणच्याची बरणी उचलून माझ्या बॅगेत परत घातली.