चातुर्मासात लसणाचा वास

आमच्या घरात आषाढी एकादशी झाली की कांदा-लसूण बंद. म्हणून परवा बोलताना वहिनींच्या तोंडाला लसणाचा वास आला, तेव्हा मी चपापले. बावीस वर्षं सोलापुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, हा वास मला चांगला माहीत आहे. विचारलं, "वहिनी, बोटांना काय लावलंय?"

वहिनी विड्या वळतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर आणि मनगटावर पांढरे डाग उमटले. कुणीतरी त्यांना बाटली दिली होती, कोडावर संशोधन झालेलं औषध म्हणून. लेबलवर डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ.

आमच्या कपाटातही ते असतं. १८.५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरात सकाळी प्रॅक्टिकलआधी बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. १९६० च्या दशकात अमेरिकेत, ओरेगनमध्ये, स्टॅन्ली जेकब यांनी दाखवून दिलं की हे द्रावक कातडीतून भराभर आत शिरतं आणि सोबत दुसरी द्रव्यंही नेतं. शरीरात त्याच्यापासून डायमिथाइल सल्फाइड बनतं, ते श्वासातून बाहेर पडतं, तोच हा वास. प्राण्यांच्या डोळ्यांच्या भिंगात बदल दिसले म्हणून १९६५ मध्ये तिथल्या माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. पुढे १९७८ मध्ये ५० टक्के द्रावणाला मान्यता मिळाली, पण ती मूत्राशयाच्या एका दुखण्यासाठी.

कोडात आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी रंगपेशींना मारतात. डागांसाठी या द्रावकाकडे बघायचं ते औषध आत पोचवणारा हमाल म्हणून. आणि हमाल पोत्यात काय आहे ते बघत नाही. वहिनी सकाळी बाटलीतलं लावायच्या आणि लगेच सूप मांडीवर घेऊन बसायच्या. बोटांवर दिवसभर जर्द्याची धूळ. निकोटीन तर तसंही कातडीतून आत जातं. मला घामच फुटला. चक्कर येते का, मळमळतं का, सगळं विचारून घेतलं. नाही म्हणाल्या, दोनच दिवस लावलं होतं.

"मग वन्सं, मी लावू तरी काय?"

यावर मला गप्प बसवेना. रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळांतून, तिथे रंगपेशींचा साठा असतो. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, म्हणून तिथले डाग सगळ्यांत हट्टी. त्यात पान कातरताना कात्री रोज त्याच जागी घासते, आणि घासलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. त्या जागी प्रतिकारशक्तीला आवर घालणारं टॅक्रोलिमसचं मलम आहे, ३११ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाशही डागांवर देतात, पण प्रकाशासाठी आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जावं लागतं. तेवढ्या वेळात विड्या राहतात, मजुरी बुडते. दादाशी मी बोलले आहे. सोमवारी त्वचारोगतज्ज्ञांकडे मीच घेऊन जाणार.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी दिलेलं मलम वहिनींनी पाच महिने लावून सोडून दिलं होतं, काहीच फरक नाही म्हणून. मी प्रयोगशाळेतलं भिंग घरी आणलं आणि त्यांचं मनगट खिडकीपाशी धरलं. पांढऱ्या डागात, एकेका केसाच्या बुडाशी, खसखशीएवढे तपकिरी ठिपके होते. वहिनींनी भिंग माझ्या हातातून घेतलं आणि मोजायला लागल्या. अकरा भरले.