काळी माती, पांढरा दगड आणि ऑस्टिन

उन्हाळ्यात आम्ही घराला पाणी पाजतो. बागेला नाही, घराला. भिंतीपासून हातभर अंतरावर एक काळी रबरी नळी चारही बाजूंनी फिरवून ठेवली आहे, तिला अंगभर बारीक भोकं आहेत. पाण्याचे वार ठरलेले असतात. त्या वारी तोटी सोडली की नळी नुसती पाझरत राहते आणि जमीन घटाघटा पिते.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. इथे, म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सासची राजधानी असलेल्या ऑस्टिनच्या परिसरात, बरीच घरं जोतं खोदून बांधत नाहीत. जमिनीवर काँक्रीटची जाड लादी ओततात आणि तिच्यावर लाकडाचा सांगाडा उभा करतात. आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला. ऑगस्टमध्ये बेडरूमचं दार लागेनासं झालं आणि चौकटीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत एक तिरपी भेग निघाली, रुपयाचं नाणं जाईल एवढी. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून नवरा खालीच बसला. खालची माती वाळून आक्रसली होती आणि लादीचा एक कोपरा तिच्यासोबत खाली गेला होता.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी यवतमाळची, कापूस पिकवणाऱ्या घरातली. पण ते कळलं बाबा आल्यावर. प्रवासाचा शीण गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते मागच्या अंगणात उकिडवे बसले, ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, आणि म्हणाले, "हे तं आपलीच काळी हाय वं! इतक्या दूर येऊन तू काळीतच राह्यली."

बाबांचं खरं होतं. आम्ही राहतो ते फ्लुगरव्हिल ऑस्टिनच्या ईशान्येला आहे (स्पेलिंगमध्ये पहिला पी आहे, तो उच्चारायचा नाही, बाबा मात्र आवर्जून उच्चारतात). इथून पूर्वेला काळ्या मातीचा लांबलचक सपाट पट्टा आहे. तिच्या एका प्रकाराला 'ह्यूस्टन ब्लॅक' म्हणतात. आपल्याकडे शेकरू राज्यप्राणी आहे, तशी ही टेक्सासची राज्यमाती आहे. आपली काळी लाव्हाच्या खडकातून झाली, ही जुन्या समुद्राच्या तळच्या चुनखडीतून. पण स्वभाव एकच: पाणी प्यायली की फुगायचं, वाळली की पाय जाईल एवढ्या भेगा पाडायच्या. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, त्याचं काही वाटत नाही, तीन बेडरूमच्या घराला वाटतं.

शहराच्या पश्चिमेला गेलात की मात्र सगळंच पालटतं. फार पूर्वी इथे जमिनीला भेग पडून पश्चिमेचा भाग वर राहिला आणि पूर्वेचा खाली गेला. त्या चढाला बाल्कोनेस म्हणतात. स्पॅनिशमधल्या बाल्कनीवरूनच हे नाव आलं. चढाच्या वर पांढऱ्याफट्ट चुनखडीच्या टेकड्या, त्यावर खुरटे ओक आणि जुनिपर. (या जुनिपरचे पराग डिसेंबर-जानेवारीत असे उधळतात की अख्खं गाव शिंकत फिरतं.) वर माती जेमतेम चार बोटं असते, कुदळ मारली की ठणकन आवाज येतो. ऑस्टिन या दोन जमिनींच्या शिवेवर वसलं आहे. मला हे शहर समजलं ते या शिवेमुळे.

चुनखडी पाऊस गिळते. ते पाणी खालच्या पोकळ्यांमधून वाहत शहराच्या मधोमध, झिल्कर पार्कात वर येतं. तेच बार्टन स्प्रिंग्ज. तिथे झऱ्याच्या पाण्यावरच सुमारे 3 एकरांचा पोहण्याचा तलाव केला आहे. पाणी बारा महिने 20-21 अंशांचं असतं. बाहेर चाळीस असताना उडी मारली की काळजाचा ठोका चुकतो. तळाशी एक चिमुकला सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी) राहतो. तो फार थोड्या ठिकाणी सापडतो, 1997 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. 1992 मध्ये तर ऑस्टिनकरांनी मतदान करून झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या भागातल्या बांधकामावर कडक बंधनं घालून घेतली.

राज्याची विधानभवनाची इमारत आधी याच भागातल्या चुनखडीत बांधायची होती. पण दगडात लोह निघालं, हवा लागली की त्यावर गंजाचे ओघळ उठायचे. मग मार्बल फॉल्स गावाजवळच्या टेकडीच्या मालकांनी लाल ग्रॅनाइट फुकट देऊ केला. फोडायला तुरुंगातले कैदी लावले आणि घडवायला स्कॉटलंडहून पाथरवट आणले. सरकारकडे रोकड नव्हती, म्हणून कंत्राटदारांना पैशांऐवजी 30 लाख एकर जमीन दिली! 1888 मध्ये इमारत उभी राहिली, वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी संसदेच्या इमारतीपेक्षा थोडी उंचच. आतल्या भिंतींमध्ये ती नाकारलेली चुनखडी आहेच. आत जायला पैसे पडत नाहीत. इथलं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त 140 दिवसांचं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला नावं ठेवणाऱ्या बाबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला.

सरकार आणि 1883 चं टेक्सास विद्यापीठ, बराच काळ ऑस्टिनचं पोट या दोघांवर चाललं. मग 1984 मध्ये मायकल डेलने विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून संगणक विकायला सुरुवात केली आणि गाव बदलत गेलं. 2020 च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेनऊ लाखांवर गेली होती. आमच्यासारखे त्यातूनच आले. राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून सगळे खूश होऊन येतात, आणि पहिल्या घरपट्टीनंतर गप्प होतात.

मोठे कारखाने बघाल तर पूर्वेच्या बाजूला. सॅमसंग ईशान्येला, टेस्लाचा अवाढव्य कारखाना पूर्वेला. जवळचं टेलर हे गाव एकेकाळी कापसाची मोठी बाजारपेठ होतं, आता तिथे सॅमसंगच्या चिपचा नवा कारखाना आहे. जमीन सपाट आणि स्वस्त, हे कारण आहेच. पण ती स्वस्त का राहिली, यालाही इतिहास आहे. 1928 च्या नगर आराखड्याने कृष्णवर्णीयांना पूर्वेकडे ढकललं. पुढे 1960 च्या दशकात आय-35 महामार्ग शहराच्या मधून गेला आणि ती रेघ पक्की झाली. गावकुसाबाहेर हा शब्द मला तिथून जाताना हमखास आठवतो. आता त्याच भागात महागडी कॉफी मिळते आणि जुनी माणसं घरपट्टी परवडेना म्हणून विकून निघून जातात.

पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण एकच विचाराल तर काँग्रेस अव्हेन्यूचा पूल, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी. खाली कोलोरॅडो नदी, ग्रँड कॅन्यनवाली नव्हे, तिची नावबहीण. 1980 मध्ये पुलाची डागडुजी झाली, त्यात खालच्या बाजूला ज्या अरुंद फटी राहिल्या त्या मेक्सिकोहून येणाऱ्या वटवाघळांना नेमक्या सोयीच्या निघाल्या. आता मार्च ते ऑक्टोबर-नोव्हेंबर तिथे 15 लाखांपर्यंत वटवाघळं राहतात, बहुतेक बाळंतिणीच. अंधार पडताना पुलाखालून आधी एक धूसर पट्टी निघते, मग ती पूर्वेकडे जाड होत जाते, आणि गुआनोचा, म्हणजे त्यांच्या विष्ठेचा, उग्र वास येतो. पोरं ओरडतात.

बाबांना मी सांगितलं, ही शेतांवरच्या किडींचे पतंग खातात, कापसाच्या बोंडअळीचेसुद्धा. आपल्याकडच्या अमेरिकन बोंडअळीची सख्खी चुलत बहीणच ती. बाबांनी आतापर्यंत विधानभवन पाहिलं, टेस्लाचा कारखाना बाहेरून पाहिला, एका शब्दानेही कौतुक केलं नव्हतं. इथे ते कठड्याला टेकून अर्धा तास उभे राहिले. "दोन-चार लाख आपल्याकडं पाठवता येतीन का वं?" म्हणाले.

ऑगस्टअखेर पोळा आला. मुलीला बैल करायचे होते. अंगणातलीच काळी माती भिजवून तिने जोडी केली आणि उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत एकाचं शिंग गळलं आणि दुसऱ्याच्या पाठीवर आमच्या बेडरूमसारखी भेग. ती रडकुंडीला आली. बाबा काही न बोलता बाथरूममधून औषधाचा कापूस घेऊन आले, त्याचा पुंजका पिंजून मातीत टाकला आणि कणीक तिंबावी तसे अर्धा तास तिंबत बसले.

ते बैल अजून खिडकीत उभे आहेत. बेडरूमचं दार मात्र खांदा लावल्याशिवाय लागत नाही.