माहीत आहे, विचारत नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नवा नाही. पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. झेरॉक्स काढायच्या निमित्ताने दोनदा दुकानात येऊन काही न बोलता गेलेली आणि तिसऱ्या वेळी बोललेली गावातली पोरंही विचारतात. तुम्ही गे आहात, मंगळवेढ्यासारख्या ठिकाणी राहता आणि वारकऱ्यांच्या भजनी मंडळात पखवाज वाजवता. त्यांना माहीत आहे का? असलं तर चालतं का?

वीसेक वर्षं माझं उत्तर तयार होतं: माहीत आहे, विचारत नाहीत. हे वाक्य मला फार आवडायचं. त्यात आमच्या मंडळाचं कौतुक होतं आणि माझीही सुटका होती. मागच्या कार्तिकात त्या वाक्याचं काय झालं ते सांगतोच, पण आधी कणकेचं सांगतो.

पखवाजाच्या डाव्या पुडीला दर वेळी ओली कणीक लावावी लागते. त्याशिवाय तो घुमत नाही. कणीक घट्ट झाली की आवाज कोरडा येतो, सैल झाली की हाताला चिकटते. मी नववीत होतो तेव्हा गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात पखवाज वाजवणारे एक आबा होते. माझी चाल, माझं बोलणं, हात हलवणं यावरून पोरं मला बायल्या म्हणायची. भजनाच्या रांगेत शेजारी बसायची नाहीत, बसलीच तर मांडीला चिमटे काढायची. एका एकादशीला आबांनी ते पाहिलं. कुणाला रागावले नाहीत. मला म्हणाले, "हिकडं ये. पीठ मळायला माणूस पायजे मला." त्या दिवसापासून माझी जागा आबांच्या डाव्या हाताला. तिथे कुणाचा चिमटा पोचत नव्हता. कणीक मळता मळता पुढे पखवाजही हातात आला.

लहान गावात आधार मिळतो तो असा. कुणी भाषण करत नाही, खांद्यावर हात ठेवून "तू जसा आहेस तसा" वगैरे म्हणत नाही. काहीतरी काम देतात, आणि कामासोबत बसायला जागा येते.

आता दुसरी बाजू. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी तुळशीची माळ घातली, ती भक्तीने नव्हे. माळ घातली की मनातलं 'हे' जाईल असं एका पाहुण्याने सांगितलं होतं. मी मनापासून वाट पाहिली. मटण सुटलं, एकादश्या सुरू झाल्या, हरिपाठ पाठ झाला. माळ राहिली आणि तेही राहिलं. आजही पोरांना कुणी माळेकडे पाठवतं, कुणी भगताकडे, कुणी डॉक्टरकडे. त्यातलं डॉक्टरचं तरी आता स्पष्ट आहे. समलिंगी माणसाला 'बरं' करण्याचे उपचार हे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच सांगून ठेवलंय. माळेबद्दल कोण सांगणार?

आणि एकदा एक कीर्तनकार महाराज आले होते. रंगात आले आणि हिजड्यांवर, बायकी पुरुषांवर विनोद सुरू केला. कंबर लचकवून दाखवली, मंडप हसला. मी टाळकऱ्यांच्या रांगेत, मान खाली. विनोद झाल्यावर महाराजांनी चाल धरली आणि मागे पाहिलं. आबांचा पखवाज तयार नव्हता. आबांनी पुडीवरची कणीक काढली, परत लावली, पाण्याचं बोट फिरवलं. मग हातोडी घेऊन एकेक गठ्ठा ठोकत बसले. ठोकायचं, थाप मारून ऐकायचं, मान हलवायची, परत ठोकायचं. महाराज हात वर करून उभे. दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील, कीर्तनात तेवढी फार होतात. पखवाज सुरात होता, हे मंडपात दोघांनाच कळत होतं. कारण कणीक मी लावली होती.

पण आबा पुढेही त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आमचं गाव या बाबतीत तसं जुनं आहे. कान्होपात्रा इथली, गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने पंढरपूर गाठून विठ्ठलाच्या पायाशी जीव सोडला असं सांगतात. देवळात तिचं तरटीचं झाड दाखवतात. चोखोबा इथेच वेशीचं बांधकाम करताना भिंतीखाली गेले, १३३८ साली असं मानतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. म्हणजे बाहेर. पुढची सहाशे वर्षं आपण चोखोबांचे अभंग गात आत जात राहिलो आणि त्यांची माणसं पायरीशीच थांबत राहिली. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार उघडलं. संप्रदायात सगळ्यांना जागा आहे, असं मला कुणी छाती फुगवून सांगितलं की मी एवढंच विचारतो, आत की पायरीशी?

(कुणी किन्नर आखाड्याचं नाव काढतं. २०१५ साली तो स्थापन झाला, कुंभात त्यांची मिरवणूक निघते, चांगलंच आहे. पण बारावीतल्या पोराला आखाडा नको असतो. त्याला संध्याकाळी घराबाहेर बसायला एक बरी जागा हवी असते.)

६ सप्टेंबर २०१८ला एकादशी होती, श्रावण वद्य. आम्ही महिन्याची वारी करतो. पंचवीसेक किलोमीटर आहे, रात्रीच निघतो. दुपारी धर्मशाळेत भगर आणि शेंगदाण्याची आमटी वाढायला घेतली होती तेवढ्यात माझा फोन थरथरायला लागला, थांबेचना. कलम ३७७चा निकाल लागला होता. पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं होतं की सज्ञान माणसांचं आपसातलं, संमतीचं प्रेम हा गुन्हा नाही. मी पत्रावळ खाली ठेवून बाहेर गेलो, परत आलो. डोळे दिसत असणारच. शेजारच्या एकाने मोबाईलवर बातमी मोठ्याने वाचली आणि "काय काय निघंल आता" म्हणून हसला. आबांनी विचारलं, "म्हंजे आता पोलीस काय करू शकत नाहीत?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं," आबा म्हणाले. "आमटी घे अजून."

आमच्या त्या ठरलेल्या वाक्याचा हा सगळ्यात मोठा पुरावा. माहीत आहे, विचारत नाहीत. आबा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. पुरावा माझ्यापाशी राहिला.

त्यानंतर पखवाज शिकायला एक मुलगा यायला लागला. सतराचा असेल. घरच्यांनी त्याचा फोन उघडून पाहिला होता. मग फोन गेला, कॉलेज बंद झालं, दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरकडे नेऊन गोळ्या सुरू झाल्या. दिवसभर झोपायचा. भजनाला मात्र सोडायचे, देवाचं काम म्हणून. मंडळातल्या एक मावशी हरिपाठाच्या बायकांचं सगळं बघतात. त्यांनी पोराचा चेहरा पाहिला आणि सरळ त्याच्या आईकडे गेल्या. काय बोलल्या ते मला आईकडूनच कळलं. "सप्ता तोंडावर आलाय, पखवाजाला माणूस नाही. चार दिवस माझ्याकडं राहू दे त्याला, पहाटे काकड्याला उठवायला बरं पडतं." चार दिवसांचे दीड महिना झाले. तोवर मी आणि त्याचा मामा मिळून सोलापूरला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना भेटलो, गोळ्या सुटल्या. मंडळातला एक जण तेवढ्यात आमच्यातून उठला. असल्या पोराच्या हाताला देवाचा पखवाज नको म्हणाला. तो अजून आलेला नाही. आला नाही तरी चालेल, टाळ बेतालच वाजवायचा.

याच मावशी दरवर्षी माझ्यासाठी स्थळ आणतात, हे सांगायला हवं. तुळशीचं लग्न लागलं की अक्षता झटकत माझ्याकडे वळायच्या. मला वाटायचं, सगळं माहीत असून जगाला दाखवायला करतात, माझ्यावरच पांघरूण घालतात. केवढा मोठेपणा, असंही वाटायचं.

मागच्या कार्तिकात त्या पोराने मावशींना स्वतःहून सांगितलं. नाव घेऊन, सरळ. आजची पोरं आमच्यासारखी नाहीत. मावशी दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आल्या. एक गिऱ्हाईक आधार कार्डाच्या प्रती काढत होतं, ते जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या.

"त्याला नेमकं काय म्हणायचं ते सांग. मला नीट म्हणता आलं पायजे."

मी म्हटलं, समलिंगी.

"समलंगी."

"समलिंगी, मावशी."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे बघत राहिल्या. मशीन अजून घरघरत होतं.

"आणि तू रं?"

वीस वर्षांचं माझं वाक्य तिथेच संपलं. मी मान हलवली. मावशींनी डोक्याला हात लावला.

"आरं मग धा वर्षं मला स्थळं कशाला बघायला लावलीस? गाड्याचं भाडं किती गेलं माझं!"